तात्या गावड्यांचा नंबर

आमच्या चाळीच्या तिसऱ्या माळ्याचा फोन बंद पाडला तो मी. कंपनीने नाही, सरकारने नाही, मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला माझी कीव यायला नको.

फोन म्हणजे धोंडू गावडे. सगळे तात्या म्हणत. लालबागला आमच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर खोली नंबर एकतीस. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, तात्या स्वतः टेलिफोन खात्यात लाइनमन. त्या काळी फोनसाठी अर्ज केला की घरात मूल जन्मून शाळेत जाईपर्यंत वाट बघावी लागे. तात्यांच्या घरी मात्र एकोणऐंशी साली नोकरीच्या हक्काने काळा फोन आला. मी त्याच्या दोन वर्षं आधी गिरगावातून लग्न होऊन या माळ्यावर आले होते. केमिस्ट्रीची बी.एस्सी., शिवडीला रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी, आणि माळ्यावरच्या लोकांना सुधारायची हौस. ती हौस अजून गेलेली नाही. तिनेच घात केला.

आजच्या पोरांना पी.पी. नंबर म्हणजे काय ते सांगावं लागतं. आपल्याकडे फोन नसला की शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे पी.पी. अशी दोन अक्षरं लिहायची. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, शाळेच्या दाखल्यावर. आमच्या माळ्यावर खोल्या वीस आणि नंबर एकच, तात्यांचा. फोन वाजला की तात्या गॅलरीत येऊन नावाने हाक मारत. माणूस आलं की त्याच्या हातात रिसीव्हर द्यायचा आणि आपण बायकोला घेऊन खोलीबाहेर, थेट गॅलरीच्या टोकाला नळापाशी जाऊन उभं राहायचं. जेवणाचं ताट वाढलेलं असलं तरी. आमटी निवली म्हणून वहिनी कधी कुरकुरल्या असतील, तर ते त्यांनाच माहीत. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा दुबईत अडकला, कोण बाळंतीण झाली आणि कोण नाही, सगळं त्या एकतीस नंबरमधून गेलं. बाहेर काही सांडलं नाही. इतर कुठल्याही घरातून बातमी फुटायला चहाचा अर्धा कप पुरत असे.

मग मोबाइल आले. आता तात्यांचं काम संपलं, असं मला वाटलं. झालं भलतंच. म्हाताऱ्यांच्या हातात मुलांनी टाकून दिलेले फोन आले. मुलं दर नव्या स्कीमला सिम बदलणार, बॅटरी दुपारपर्यंत गळून जाणार, आणि कामाचा मेसेज शंभर गुलाबांच्या गुड मॉर्निंगखाली गाडला जाणार. त्यामुळे कुठल्याही फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना आला की माळ्यावरची म्हातारी माणसं न विचारता तात्यांचा नंबर लिहीत. गॅस, बँक, लाइटबिल, रक्तलघवीचा रिपोर्ट. दोन हजार पाच साली रिटायर झाल्यावर तात्यांनी मोबाइल घेतला होता, तो नंबर त्यांनी कधीच बदलला नाही. मी एकदा म्हटलं, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क चांगलं आहे, तर म्हणाले, "नंबर ही बदलूची वस्तू नाय, कमलताय. घराचो उंबरो कोण दरवर्साक बदलता?"

ओटीपी आला की तात्या पायात चप्पल अडकवत आणि ज्याचा त्याला नेऊन देत. अकरा घरं होती अशी. अकरा घरांच्या तिजोरीच्या किल्ल्या एका माणसाच्या खिशात! मला हे ठाऊक होतं आणि ते खुपत होतं. मी बोलत नव्हते, कारण वहिनी वारल्यापासून दुपारी चार वाजता आम्ही गॅलरीत खुर्च्या टाकून चहा घ्यायचो आणि मला भांडायला दुसरं कोणी चांगलं माणूस नव्हतं.

भांडण नेहमी एकाच विषयावर. फोनवर.

"काल रातीक निजलंय तेव्हा घर बरोबर होता," तात्या सुरू करत. "आज सकाळी उठान बघतंय तर मोरी देवघरात!"

म्हणजे फोनचं अपडेट झालं होतं आणि मेसेजचं बटण वरून खाली गेलं होतं. मी म्हणायचे, अपडेट सुरक्षिततेसाठी असतं. ते म्हणायचे, मग कुलूप बदला, घर कित्याक हलवतात? मला हसू यायचं, पण कबूल करायची नाही.

एकदा माझी पुतणी प्रिती आली होती. ती ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तात्यांनी तिला कुठल्याशा अ‍ॅपच्या अटी सगळ्या वाचायला लावल्या. पोरगी पाऊण तास वाचत होती. शेवटी तात्यांनी चष्मा पुसला.

"ह्या 'मान्य आहे'च्या बाजूक 'मान्य नाय' खय आसा?"

"ते नसतं, आजोबा," प्रिती म्हणाली.

"मान्य नसेल तर वापरायचं नाही. सरळ आहे," मी म्हटलं.

"मगे इचारतंत कित्याक?"

प्रितीने माझ्याकडे बघितलं. मी चहा गाळायला उठले. मला तेव्हा तो प्रश्न अडाणी वाटला होता.

संक्रांतीनंतर दादरला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सायबर फसवणुकीवर व्याख्यान झालं. बोलणारा तरुण होता, स्लाइड दाखवत होता. एकेका म्हाताऱ्याचं आयुष्य एकेका फोन कॉलमध्ये कसं धुऊन गेलं, ते त्याने सांगितलं. पत्रकावर लाल अक्षरांत होतं : ओटीपी कोणालाही सांगू नका, कोणालाही म्हणजे कोणालाही. मी त्या पत्रकाच्या बारा प्रती घेतल्या. बसमध्ये बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांसमोर आमच्या माळ्याची अकरा घरं आली.

मी तात्यांशी आधी बोलायला हवं होतं. चार वाजता, चहाच्या वेळी. रोजच तर बसत होतो. पण मला वाटलं, बोलले तर ते वाद घालतील आणि विषय हसण्यावारी जाईल. म्हणून मी रविवार निवडला. रविवारी मुलं येतात, सगळी एकदम भेटतात. गॅलरीत सगळ्यांना जमवलं, पत्रकं वाटली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तात्या आपल्या दारात उभे होते. त्यांनाही एक प्रत दिली.

"आपल्या माळ्यावर हे वर्षानुवर्षं चाललंय," मी म्हटलं. "एका माणसाच्या फोनवर सगळ्यांचे ओटीपी. उद्या तो फोन चोरीला गेला तर? तात्यांचं वय झालंय. कोणी गोड बोलून काढून घेतलं तर? पोलीस पहिले कोणाला धरतील?"

सगळ्यांनी पत्रकात डोकं घातलं.

तात्यांनी पत्रक लांब धरून वाचलं. मग हळूच म्हणाले, "माझ्याकडसून कधी काय इकडचा तिकडे झाला?"

"प्रश्न तुमचा नाही हो, तात्या. पद्धतीचा आहे."

"होय. पण पद्धत म्हणजे मीच मा?"

अडले की माझा आवाज चढतो. "भावनेचा विषय नाही हा! नियम सगळ्यांना सारखा."

सत्तावीस नंबरच्या राधाबाई परब खाली बघत होत्या. ब्याऐंशीच्या आहेत, तात्यांच्याच बाजूच्या, वेंगुर्ल्याकडच्या. त्यांचा मुलगा अजित बदलापूरला असतो. तो म्हणाला, "कमलताईंचं बरोबर आहे. आमच्या ऑफिसात पण हेच सांगतात." एकाने मान हलवली की सगळे हलवतात. तात्या आत गेले. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

पुढचे दोन आठवडे मी माणसासारखी वागले नाही, नुसता फॉर्म भरणारा कारकून झाले. यादी केली. या घरची बँक, त्या घरचं लाइटबिल. मुलांचे, सुनांचे, नातवांचे नंबर घालून घेतले, एकेक नावापुढे बरोबरची खूण केली. राधाबाईंची बँक अजितच्या नंबरावर गेली. गॅसचं मात्र एजन्सीच्या काउंटरवर जाऊन करायचं होतं. राधाबाईंना तीन माळे उतरवत नाहीत. अजित म्हणाला, "करतो मी." मी खूण केली. असं आणखी एकदोघांचं, कोणी "करतो" म्हटलं की माझी खूण. लॅबमध्ये कोणी असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

चार वाजता तात्या येत होते, अगदी रागावलेले असे नाहीत. खुर्ची टाकत, चहा घेत. फोन शेजारी स्टुलावर असायचा. तो आता वाजत नव्हता. पूर्वी बोलता बोलता त्यांचा हात सारखा त्याच्याकडे जायचा, मेसेज आला की अर्धा घोट टाकून उठायचे. आता सगळा कप संपवून बसत. मी अपडेटचा विषय काढला तर म्हणाले, "हा, चांगला असतला." वाद घालणंच सोडलं त्यांनी. मला वाटलं, दमले असतील.

शिमग्याला तात्यांचं रिचार्ज संपलं. त्यांनी भरलं नाही. मला कळलंसुद्धा नाही. गावाहून पुतण्याचा फोन यायचा तो राधाबाईंच्या मोबाइलवर येऊ लागला, आणि राधाबाई काठी टेकत एकतीस नंबरपर्यंत जाऊन हाक मारू लागल्या. हे मी पाहिलं. पाहून मनात काय आलं? आलं की, बघा, आता म्हातारा कसा दुसऱ्यावर अवलंबून झाला. त्या वाक्याची मला आज लाज वाटते.

श्रावण संपत आला होता. दुपारी राधाबाईंच्या दारात आवाज चढलेले ऐकले म्हणून गेले. सिलिंडरवाला उभा होता. एकट्या राधाबाईंना एक सिलिंडर सहा महिने पुरे, शिमग्यानंतरचा हा पहिलाच. तीन माळे लाकडी जिना चढून सिलिंडर आणलेला, घामाघूम.

"मावशी, कोड बोला ना. कोडशिवाय नाही देता येत, माझ्यावर येईल."

"मेसेज इलोच नाय रे," राधाबाई फोन हलवून बघत होत्या, जसं काही आत अडकलं असेल.

"कुठल्या नंबरावर गेलाय बघा," मी म्हटलं.

त्याने आपल्या फोनवर बघितलं. शेवटचे आकडे सांगितले. ते आमच्या माळ्यावर झोपेत विचारले तरी कोणी सांगेल. तात्यांचा नंबर.

मी तशीच एकतीसमध्ये गेले. तात्या पेपर वाचत होते.

"तात्या, राधाबाईंचा कोड आला का?"

"फोन बंद आसा."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"अहो, भरायचं ना रिचार्ज!"

"कोणासाठी?"

मला त्यांच्याकडे बघवेना. ठरावीक दिवस वापर झाला नाही की कंपनी नंबर बंद करते आणि काही महिन्यांनी तोच दुसऱ्या कोणाला तरी देते. हा नियम आहे, आणि मला तो माहीत होता. मी तो पेपरात वाचून तात्यांना समजावून सांगितला होता, याच गॅलरीत. मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला. रिंग गेली.

"हॅलो?" मुलीचा आवाज.

"मी लालबागहून बोलतेय. हा गावड्यांचा नंबर ना?"

"नाही हो. माझा आहे, महिना झाला. मी अपेक्षा, कळंबोलीहून."

"बाळा, तुला आत्ता सिलिंडरचा एक कोड आला असेल."

"राधाबाई परब?"

"तुला कसं माहीत?"

"त्यांचा बुकिंगचा मेसेज परवाच आला ना. आणि गणपत शिंदे कोण आहेत? त्यांचे लॅबचे रिपोर्ट येतात मला. मी नर्सिंगला आहे म्हणून कळतं, आजी, त्यांची साखर फार वाढलीय. कोणीतरी सांगा त्यांना. मी कोणाला फोन करणार?"

"सांगते. आधी तो कोड दे. माणूस दारात उभा आहे."

ती अगदी नम्रपणे म्हणाली, "सॉरी आजी. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. मेसेजमध्येच लिहिलंय."

"अगं, पण मी खरी आहे!"

"सगळे तसंच म्हणतात, आजी."

फोन ठेवला तिने. शहाणी मुलगी. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं, वर दोन शब्द सुनावले असते. सिलिंडरवाल्याने सिलिंडर पुन्हा खांद्यावर घेतला. तो जिना उतरून तळमजल्यावर जाईपर्यंत पायऱ्यांचा आवाज येत होता. राधाबाई माझ्याकडे बघत होत्या.

त्या संध्याकाळी मी आमच्याच माळ्यावरच्या गणपत शिंद्यांकडे गेले. म्हटलं, निदान एक काम नीट करावं. साखरेचं सांगितलं.

"तुला कोणी सांगितलं?" गणपत भडकले. त्यांची सून पोळ्या लाटत होती, तिने वर बघितलं. "काय, चाळभर झालं काय माझ्या साखरेचं?" सुनेला माहीत नव्हतं. मला ते कळायला हवं होतं. तात्यांकडे त्यांचे रिपोर्ट आठ वर्षं येत होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तात्यांसमोर बसले. चहा केला नव्हता. सरळ बोलायचं ठरवलं होतं.

"तात्या, माझं चुकलं. तुम्ही नवीन नंबर घ्या. मी सगळ्यांकडे जाऊन सांगते, होतं तसं करा म्हणून."

त्यांनी चष्मा काढून स्टुलावर ठेवला.

"तुमचा चुकला नाय, कमलताय. कागदावर तसाच लिवलेला. मी पण वाचलंय."

"मग घ्या ना नंबर."

"आता नको."

"का? राग आहे माझ्यावर?"

"तुमच्यावर कसलो राग? तुमचो स्वभाव माका म्हायत आसा." इथे जरा हसले. मग हसू गेलं. "त्या दिवशी तुमी वाचलात, तेव्हा गॅलरीत अकरा घरां उभी होती. त्यातला एक माणूस म्हणाक नाय, की तात्याचा काय ता ऱ्हवांदे. एक. माका वाटला, सगळ्यांक आधीच तसा वाटत होता, फक्त बोलाक तुमी गावलात."

"तसं नव्हतं हो. मी बोलले की कोणी मध्ये बोलत नाही, म्हणून—"

"असात. पण आता माका ता खराच वाटतला. कोणाचो मेसेज घेऊन गेलंय, तर त्येच्या तोंडाकडे बघतलंय मी. आधी कधी बघूक नाय."

आयुष्यभर मला उत्तर द्यायची घाई. त्या दिवशी मी नुसती बसून राहिले, आणि तेही सहा महिने उशिरा.

दरवर्षी तात्या चतुर्थीला गावी जात, कुडाळजवळ, आणि अनंतचतुर्दशीनंतर परत येत. या वर्षी खोलीची किल्ली राधाबाईंकडे ठेवून गेले. दसरा झाला, दिवाळी झाली. पुतण्याचा फोन येतो राधाबाईंना. तात्या बरे आहेत, बागेत असतात, तिथे रेंज नाही. मी एक पत्र लिहिलं, चांगलं चार पानी, आणि पोस्टात टाकायच्या आधी फाडलं. त्यात मी नियम समजावून सांगितला होता. दुसरं एका पानाचं लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

मग मी ठरवलं, निदान राधाबाईंचं तरी मार्गी लावू. परत गेलेला सिलिंडर अजितने एजन्सीत जाऊन आणला होता, नंबर मात्र बदलायचा राहिलाच होता. मुलगा बदलापूरला, मीटिंगमध्ये, त्याला फोन लागत नाही. मी शेजारी. मला तीन माळे उतरता येतात, मेसेज वाचता येतो, डोकं शाबूत आहे. एजन्सीतून फॉर्म आणला, त्यांच्या खाटेवर बसून भरला. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक. मोबाइल नंबरचा रकाना आला तसा मी माझा नंबर लिहायला सुरुवात केली. दोन आकडे झाले होते. राधाबाईंनी माझ्या पेनावर हात ठेवला.

"अजितचोच लिव गो."

"अहो, त्याचा फोन लागत नाही दुपारचा. सिलिंडर परत जाईल."

"जावंदे. दुसऱ्या दिवशी येतलो."

"माझा नंबर दिलात तर काय बिघडलं? मी काय परकी आहे?"

"परकी नाय गो. तू चांगली आसस." त्या माझी समजूत घालत होत्या, लहान मुलीची घालावी तशी. "पण तुका सगळ्यातला कळता, कमल. तात्याक फक्त कोणाचो मेसेज तेवढा कळायचा. बाकीचा तो कळून घ्यायचो नाय."

मी ते दोन आकडे खोडले. खाडाखोड चालत नाही म्हणून दुसरा फॉर्म आणायला पुन्हा खाली उतरले. त्यावर अजितचा नंबर लिहिला, राधाबाईंनी सही केली. दारातून निघताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, चहा घेशील का. मी नको म्हटलं.